आधी चाखायचं कुणी

टक्.

खोलीतली शांतता मोडली ती एवढ्याशा आवाजानं. युडेन भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती, तरी तिला कळलं की हा पेला भरलेला आहे. लाकडाचे पेले कातणाऱ्या कातारी नवऱ्याच्या घरात दिवसभर पेलेच वाजतात. रिकामा पेला फळीवर टेकला की पोकळ वाजतो, अजून घाल म्हटल्यासारखा. भरलेला जड वाजतो, मुकाट. मग दुसरा टेकला. मग तिसरा. सगळे भरलेले.

"आज माझं पोटच जरा बरं नाही," भेटायला आलेली म्हातारी आबी चोकी म्हणाली.

"माझंही," दुसरी कुणी म्हणाली. "काल मिरची जास्त झाली."

मिरची जास्त झाली म्हणून घरी गाळलेली दारू, आरा, सोडणारं माणूस या खोऱ्यात अजून जन्माला यायचं होतं. युडेननं मान वळवली नाही. बाळ दूध पिता पिता झोपलं होतं आणि ती त्याच्या कानाकडे बघत राहिली. एवढासा कान, कडेला लव असलेला. बायका उठल्या, कमरेचे पट्टे सारखे केले, अंडी आणि लोण्याच्या पुड्या चुलीशी ठेवल्या, बाळाला आशीर्वाद दिले आणि जिना उतरून गेल्या. खाली अंगणात त्या लगेच बोलायला लागल्या नाहीत. कुंपणापर्यंत गप्प चालत गेल्या. तेच वाईट होतं.

सकाळीच धुरी देऊन घर शुद्ध झालं होतं, आणि त्यानंतर बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांनी आपापल्या घरचा मक्याचा आरा आणला होता. जुन्या बाटल्यांत भरलेला, कणसाचं बूच लावलेला. तो गरम करून, त्यात लोणी आणि अंडं घालून घरच्यानं सगळ्यांना वाढायचा. आणि वाढणाऱ्यानं आधी चार थेंब आपल्या तळहातावर घेऊन पाहुण्यांच्या देखत चाटायचे. बघा, यात काही नाही. मग पेले भरायचे. युडेनच्या आईनं जन्मभर असंच वाढलं होतं, तिच्या आईनंही.

थिनलेनं, तिच्या नवऱ्यानं, चाखलं नव्हतं.

त्याच्या डोक्यात वेगळीच युक्ती होती. झाडाच्या गाठीच्या लाकडाचे पेले त्यानं माळ्यावरून काढले होते, धुऊन पुसून चकचकीत केले होते. गाठीचा पेला विषाला फसत नाही, विष पडलं की तडकतो, असं लहान पोरालाही ठाऊक. "कुणी माझ्या हाताकडे बघणार नाही," तो सकाळी म्हणाला होता. "सगळे पेल्यांकडेच बघतील." बघितलंच सगळ्यांनी. नक्षीवरून बोट फिरवलं, आबी चोकीनं तर पेला खिडकीपाशी धरून लाकडाच्या रेषा न्याहाळल्या. आणि मग सगळ्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं. हात कोरडा होता.

आता तो ते भरलेले पेले गोळा करत होता. आरा कोमट झाला होता, वर लोण्याचे पिवळे ठिपके. खोलीभर तो वास. युडेननं कूस बदलली आणि ती नवऱ्याकडे बघू लागली.

"बाहेर ओत," ती म्हणाली.

"ओततोय."

"मग उभा काय राहिलास?"

"ओततोय म्हटलं ना."

तो गॅलरीत गेला. मग काही ऐकू येईना. तिचे कान दाराशी, हात बाळाच्या पाठीवर. खाली मिरचीच्या वाफ्यात धार पडल्याचा आवाज आला, मग दुसरी धार, मग तिसरी, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. थिनले आत आला आणि त्यानं दोन्ही हात राखेनं धुतले. नखांपर्यंत.

थिनले कधी झिंगलेला कुणी पाहिला नव्हता. तसा असता तर कुणी दोन शब्द ऐकवलेही असते. लेथोसारखे सणाला पिऊन ओढ्यात पडणारे, त्यांना सगळा गाव हसायचा, बायका झोडपायच्या. थिनलेचं पिणं दिसायचंच नाही. त्याचा धंदाच तसा. नवा पेला कोरडा हातात द्यायचा नसतो. ज्यानं केला त्यानं त्यातला पहिला घोट घ्यायचा, म्हणजे पेला त्या घरात नांदतो. तर थिनले सकाळी या घरी पेला पोचवायचा, दुपारी त्या घरी, संध्याकाळी वरच्या वाडीत. कुठे एक पेला, कुठे आग्रहाचे दोन. शिवाय उठल्यावर अंग गरम करायला घरचा. लाकूड कातायच्या चरकावर हात कधी थरथरला नाही, बोलणं कधी सुटलं नाही. लहानपणी खोकला झाला की त्याची आई बोटानं आरा चाटवायची, तिथपासून त्याच्या अंगात तो पाण्यासारखा वाहत होता.

आणि मग, युडेनचं पोट गळ्याशी आलेलं असताना, एका संध्याकाळी तो दारात आला, चौकटीला धरून वाकला आणि रक्त ओकला. थोडंथोडकं नव्हे. रस्त्यावर बांधकामाचा ट्रक उभा होता म्हणून तो वाचला. इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, लिव्हर दगडासारखं होत चाललंय, त्यामुळे गळ्याखालच्या शिरा फुगतात, त्यातली एक फुटली. आता एक थेंबही नाही. पुन्हा फुटली तर ट्रक मिळेलच असं नाही.

"एवढं पाजतं कोण तुम्हाला?" डॉक्टरनं विचारलं होतं.

"कुणीच नाही," थिनले म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "सगळेच."

गावात त्यांनी सांगितलं, लाकडाच्या सौद्याला गेला होता. उंबऱ्यावरचं रक्त युडेननं जड पोटानं, गुडघ्यांवर बसून स्वतः घासलं होतं. कारण रक्त ओकला असं एकदा बाहेर पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला. शेवटचं कुणाकडे प्यायला?

आणि तो शेवटचं प्यायला होता कुंगाकडे.

कुंगाचं घर ओढ्यापलीकडे, एकटं. तिच्या आईवर नाव पडलं होतं. विष देणारी. का, कधी, कुणी पाहिलं, याला उत्तर नव्हतं. गावात कुणी पोट फुगून, पिवळं पडून, रक्त ओकून गेलं की बोट ओढ्यापलीकडे जायचं. आणि हे नाव आईकडून लेकीकडे जातं, घरासारखं, शेतासारखं. आई मेली तरी कुंगाकडे कुणी पाणी प्यायला नाही. तिनं थिनलेकडून दोन पेले करून घेतले होते. "पाहुणे येत नाहीत," ती म्हणाली होती, "पण घरात पेले असावेत." कातारीच तेवढा तिच्या चुलीशी बसून पहिला घोट घेणार. तो त्यानं घेतला आणि घरी येऊन तो रक्त ओकला.

इस्पितळात, हातात सुई खुपसलेली असताना, तो छताकडे बघत हळूच म्हणाला होता, "युडेन, कुंगाकडे प्यायलो होतो मी."

"त्याआधी कुठे कुठे प्यायलास?"

तो आठवू लागला. बोटांवर मोजत गेला, दुसऱ्या हातावर आला, आणि मग त्यानं हात चादरीखाली घेतला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

म्हणून दोघं गप्प होती. आता त्या गप्प बसण्याचं फळ दारात आलं होतं. घर युडेनचं, आईकडून आलेलं. थिनले चाखत नाही म्हणून नाव पडलं असतं ते या घरावर पडलं असतं, तिच्यानंतर लेकीवर, सेल्डनवर.

सेल्डन शाळेतून आली ती डबा तसाच घेऊन. एरवी तिच्या डब्यातल्या मिरची-चीजला चार हात लागायचे.

"दोर्जीला त्याच्या आमानं सांगितलंय, माझ्या डब्यातलं खायचं नाही."

"का म्हणे?" युडेननं विचारलं, माहीत असून.

"विचारलं मी. तो म्हणाला, तुझे आपा हात चाटत नाहीत." सेल्डन बाळाशेजारी पालथी पडली आणि त्याची मूठ उघडायचा प्रयत्न करू लागली. "आपा, तुम्ही चाटा ना हात. त्यात काय आहे?"

थिनले चरकापाशी बसला होता. चरक मात्र फिरत नव्हता.

"उद्या चाटीन," तो म्हणाला.

युडेननं त्याच्याकडे बघितलं. पोरगी दूध आणायला खाली गेल्यावर तो म्हणाला, "थेंब तर असतो, युडेन. जिभेला लागेल न लागेल."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टरची लेक या गावात नांदायची नाहीये."

"थेंबावर थांबशील तू?"

हो म्हणण्याऐवजी तो चरकावरचा भुसा झाडू लागला. तिच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती त्याला, हे एक बरं होतं.

दुसऱ्या दिवशी आबी चोकी परत आली. एकटी नाही. बरोबर मेमे निदुपना घेऊन आली होती. गावातलं सगळ्यात जुनं माणूस, दात नाहीत, पण भांडण असो की सोयरीक, त्यांनी पेला उचलला की मिटलं. जिना चढून ते धापा टाकत बसले, बाळाला बघितलं, कपाळाला कपाळ टेकवलं.

"नाक आजीवर गेलंय," ते म्हणाले. "तुझ्या आईवर. ती आरा गाळायची तसा पुन्हा कुणी गाळला नाही."

"मी आणलाय," आबी चोकीनं लगेच बाटली पुढे केली. "दूध यायला हवं ना हिला. काल घोटभरही घेतलं नाहीस, बघितलं मी. आऱ्यावाचून बाळंतिणीचं दूध थंड पडतं."

"पडलं नाही, आबी," युडेन म्हणाली. तिच्या पोलक्याला दोन ओले डाग होते. म्हातारीनं ते पाहिले आणि नाक उडवलं.

"हे पहिल्या पहिल्यांदा. पुढे बघ."

मेमे निदुपनी थिनलेकडे पाहिलं. रागानं नाही, पण टाळायला जागा ठेवली नाही. "पोरा, गरम कर आणि वाढ. हिची आई वाढायची तसं वाढ. मी पितो, ही पिते, आणि जे काय बायका कुजबुजताहेत ते इथेच संपवू."

म्हणजे उपकारच करायला आले होते.

थिनलेनं गरम केला. लोणी घातलं, अंडं फोडलं, ढवळलं. आज त्यानं रोजचेच पेले घेतले. लाकडी चाटूच्या टोकानं त्यानं आपल्या डाव्या तळहातावर धार धरली. चार थेंब नाही, छोटंसं तळं झालं. तो तळहाताकडे बघत होता. युडेनला त्याचा गळा दिसत होता, गिळायच्या आधी हलतो तसा हललेला. आबी चोकी मान पुढे काढून बघत होती. सेल्डन चुलीशी, गालात उकडलेलं अंडं, तीही बघत होती. हात वर निघाला.

"थिनले," युडेन म्हणाली, "पूस तो हात."

थिनले तळहात तसाच धरून तिच्याकडे बघू लागला.

"पूस. मी सांगते त्यांना."

आणि तिनं सांगितलं. बाळ छातीशी घट्ट धरून, कधी मेमेंकडे, कधी चुलीकडे बघत. चौकट, रक्त, ट्रक, डॉक्टर. सौद्याचं खोटं. तिचा आवाज फुटला नाही याचं तिलाच नवल वाटलं. थिनलेच्या बोटांमधून आरा फळीवर गळत होता.

आबी चोकीच्या तोंडून शेवटी तेच निघालं. "रक्त? अगं बाई. शेवटचं कुणाकडे प्यायला होता?"

"तुमच्याकडे," युडेन म्हणाली.

म्हातारी मागे सरली.

"त्या सकाळी तुमच्याकडे. तुम्ही दोन दिलेत, दुसरा आग्रहाचा. मग मेमेंच्या सुनेकडे. मग देवळाशेजारी. मग ओढ्यापलीकडे. त्याच्या आदल्या दिवशीही असंच, त्याच्याही आधी असंच. आणि उठल्याबरोबर रोज माझ्याकडे. मीच गरम करून द्यायचे, आबी. माझ्या हातानं, लोणी घालून. विष असेल तर त्यात माझंही आहे."

"माझ्या आऱ्यात," आबी चोकी म्हणाली, "पाण्याचा थेंब नसतो, विष कुठलं."

"तेच म्हणतेय मी."

म्हातारीचं लक्ष मेमेंकडे गेलं. मेमे निदुप स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"माझ्या धाकट्या भावाचं पोट असंच फुगलं होतं," ते म्हणाले. "डोळे पिवळे. शेवटी असंच रक्त. तुला आठवतंय ना, चोकी?"

"न आठवायला काय झालं."

"त्यालाही सकाळी मीच द्यायचो. मोठा भाऊ म्हणून. चाखून द्यायचो." त्यांनी तळहात मांडीवर घासला. "त्याला जाळून आलो आणि आम्ही सगळे ओढ्यापलीकडे गेलो. कुंगाच्या आईच्या छपरावर दगड टाकले. पहिला माझा होता."

चुलीत लाकूड खचलं. मेमेंचे डोळे कोरडे होते, म्हाताऱ्या माणसांचे असतात तसे, पण हनुवटी हलत होती. आबी चोकीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग ते थिनलेला म्हणाले, "पूस रे तो हात. बघत काय बसलायस."

थिनलेनं हात पुसला. अंगरख्याला, मग फडक्याला, मग पुन्हा अंगरख्याला. आणि असा मोठा श्वास सोडला की बाळ दचकून हातपाय फेकू लागलं. युडेनला हसू आलं. कशाला ते तिला कळलं नाही, पण ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि आबी चोकी म्हणाली, "बाळंतिणीनं रडू नये, दूध खारट होतं," आणि त्यावर थिनलेही हसला. किती महिन्यांनी.

"आता वाढायचं कसं या घरात?" म्हातारी कामाला लागल्यासारखी म्हणाली. "हा चाखणार नाही, तू पाजतेयस. आण इकडे." तिनं चाटू ओढून घेतला, आपल्या सुरकुतलेल्या तळहातावर चार थेंब घेतले, सगळ्यांकडे एकेकदा बघून चाटले. "हे माझ्या मैत्रिणीचं, हिच्या आईचं घर. मी चाखलं. बस्स?"

तिनं मेमेंचा पेला भरला. त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग खाली ठेवला.

"चहा नाही का या घरात?"

थिनले उठला तो जवळजवळ धावतच. लोणी-मिठाचा चहा त्यानं इतका घुसळला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं सण आहे. तळहातावर घेतला, भाजला, ओय म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत चाटला. वर हात उलटा करून दाखवला.

"जीभ भाजून घेतलीस ना मूर्खा," मेमे म्हणाले आणि प्यायले. बिनदाताच्या तोंडानं आवाज करत, पेला उपडा करेपर्यंत. आबी चोकीनं मात्र आधी आपला आरा संपवला, वाया घालवायचा नसतो म्हणून, आणि मग चहा घेतला.

जाताना ती जिन्यात थांबली. "गावाला मी सांगते," ती म्हणाली. "माझ्याइतकं भरभर कुणाला जमत नाही. अंधार पडायच्या आत वरच्या वाडीपर्यंत जाईल."

"कुंगाचं नाव न घेता, आबी," युडेन म्हणाली.

"नाव कशाला घेऊ. माझंच घ्यायला लागेल." ती दोन पायऱ्या उतरली, थांबली. "दोन पेले दिले होते का गं मी?"

"तुम्ही नेहमीच दोन देता."

म्हातारीनं मान हलवली आणि मेमेंचा हात धरून उतरली. अंगणात पोचायच्या आधीच दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, मोठ्यानं, एकमेकांना तोडत. युडेन ते ऐकत पडून राहिली. असं मोठ्यानं बोलत पाहुणे या घरातून जातात तेव्हा सगळं ठीक असतं. तिचं अंग एकदम हलकं आणि जड दोन्ही झालं. झोप येत होती. थिनलेनं तिच्यासाठी अंडं लोण्यात परतलं, आरा न घालता, मीठ जास्त. तिनं ते सगळं खाल्लं. तो खाली गेला आणि थोड्या वेळानं चरक फिरू लागला, लाकूड सोलल्याचा तो एकसारखा मऊ आवाज. बाळाचा श्वास त्याच्याशी जुळत गेला.

सेल्डन येऊन तिच्या पायांशी बसली. बऱ्याच वेळानं, अंड्याचा हात अंगाला पुसत, तिनं विचारलं:

"आमा, कुंगाच्या आमाला स्वतःला तरी माहीत होतं का गं, की तिनं काहीच केलं नव्हतं?"